माघाचा गणपती

परळ,
कोजागिरीनंतरचा बुधवार

प्रिय मेघना,

फोन सोडून बाबांनी डब्लिनला पत्र कशाला धाडलं, असं वाटेल तुला. अगं, आपल्या खोलीत तुझ्या आईला ऐकू जाणार नाही असा कोपरा आहे कुठे? आणि माझे मेसेज माझ्या आधी तीच वाचते.

‘हॉलिडेज संपल्या, यंदाही गणपतीला जमणार नाही,’ असं तू श्रावणात कळवलंस. ते मी गॅलरीत शंतनूला सांगितलं. शेजारचा, कॉलेजात इंग्रजी शिकवतो तो. म्हणाला, काका, हॉलिडे म्हणजे मुळात ‘होली डे’, पवित्र दिवस. पूर्वी तिकडे सुटी असायची ती सणाचीच. कामं बंद ठेवून लोक चर्चमध्ये जात. पुढे सण मागे पडला आणि नुसती सुटी उरली. म्हटलं, हे मेघनाच्या साहेबाला सांगा कुणीतरी! शब्द त्यांचा, पण अर्थ सांभाळलाय लालबाग-परळने. तुझे आजोबा गिरणीत होते तेव्हा चतुर्थीला खाडा म्हणजे खाडा, मग मुकादम कितीही डाफरो.

हसलो खरा, पण तुझी आठवण फार येते गं. आई मोदक करते आणि तुझ्या वाटणीचे शेजारी देऊन येते. दरवर्षी.

यंदा गावचे रघुकाका चतुर्थीच्या तोंडावर गेले, सुतक आलं, म्हणून आता गणपती माघात आणू, हे तिने तुला सांगितलंच. न सांगितलेलं मी सांगतो. रघुकाका आपले नुसते आडनावबंधू. सुतक लागतच नव्हतं. भटजींनी तसं स्पष्ट सांगितलं, तर ही त्यांच्यावरच उखडली, “माका शिकवू नकात, सुतक ता सुतक!” गणपतीच्या कारखान्यात जाऊन सांगून ठेवलेली मूर्तीही तिनेच रद्द केली. नैवेद्याला जरा उशीर झाला तर देवापुढे कान पकडणारी बाई ही. मला काही कळेना.

काल ती नव्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन बसली होती. मेघनाच्या नव्या रजा जानेवारीतच सुरू होतात ना, असं मला पुन्हा पुन्हा विचारत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तुझ्यासाठी तिने देवाला थांबवलंय, पोरी. मी सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस. पण ये.

तुझाच,
बाबा