पानं गेली कुठे?

प्रिय खारूताई,

पत्र बघून तू म्हणशील, बाबांना फोन करायला काय झालं होतं? काही झालेलं नाही, मुद्दामच केला नाही. त्या संशोधनाच्या जहाजावरच्या नोकरीला तू अजून होय-नाही कळवलेलं नाहीस, असं आई म्हणाली. तिथून महिनोन्महिने फोन लागत नाही म्हणे. पण त्याचं नंतर. आधी इथली गंमत ऐक.

परवा आईने इस्त्रीसाठी सर्व्हरचा, तू बसवून दिलेल्या त्या छोट्या संगणकाचा, प्लग काढला. तिच्या मते ती डबी नुसती दिवा लुकलुकवत बसते. प्लग परत लावला, पण विकी, म्हणजे आपली दुकानाची संगणकातली वही, उघडेना. इकडे दुकानात दुरुस्तीला आलेलं ओव्हरलॉकचं एक शिलाई मशीन सुटं करून ठेवलेलं, आणि त्याचा लूपर, तो खालचा दोरा गुंफणारा आकडा, कसा बसवायचा ते पान नेमकं विकीवर. आजारपणानंतर मला अर्धंअधिक आठवत नाही, हे तुला माहीतच आहे. तू दर रविवारी शेजारी बसून माझ्याकडून वदवून घेतलेली सगळी पानं त्यात. ती गेली म्हणजे दुकान गेलं.

हात फोनकडे गेला होता. पण म्हटलं, जन्मभर बंद मशिनं उघडली, हेही उघडून बघू. आता कळतंय, तो विकी बंद नव्हताच, डुलत डुलत जागा होत होता. मला कुठला धीर! तू शिकवलेली सुरू करायची आज्ञा दिली, तर म्हणे पोर्ट, म्हणजे विकीचं आत यायचं दार, आधीच वापरात आहे. दाराशी कोण बसलंय म्हणून पाहिलं, तर जुनाच कंटेनर, विकी ज्या खोक्यात चालतो तो. त्याला काढून टाकला आणि पुन्हा आज्ञा दिली. विकी उघडला, एकदम कोरा करकरीत! नाव काय ठेवू, असं मलाच विचारत होता. माझ्या पायाखालची जमीन सरकली. दोन कप चहा प्यायलो.

मग तुझं एक वाक्य आठवलं. कंटेनर फेकला तरी पानं जात नाहीत, ती बाहेर व्हॉल्यूममध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यांत असतात. मग ती गेली कुठे, या प्रश्नाने मला असं पछाडलं की जेवायच्या हाका ऐकू येईनात. व्हॉल्यूमची यादी काढली, तर तिथे कप्प्यांच्या दोन जोड्या! एकीच्या नावात ‘चाचणी’, दुसरीच्या नावात ‘दुकान’. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. विकीच्या फोल्डरचं नाव तू ‘चाचणी’ ठेवलं होतंस. माझ्या दुकानात खिळ्यांच्या खणावरसुद्धा खरं नाव असतं, म्हणून गेल्याच महिन्यात मी ते बदलून ‘दुकान’ केलं होतं. जुना कंटेनर होता तोवर चाललं, पण नवा सुरू करताना हा पठ्ठ्या फोल्डरच्या नावावरूनच व्हॉल्यूम शोधतो, हे मला काय ठाऊक! तो कोरा कंटेनर काढला, नाव पुन्हा ‘चाचणी’ केलं, कंटेनर सुरू केला, आणि या वेळी हाताची घडी घालून वाट पाहिली. सगळी पानं जागच्या जागी. मी एवढ्याने ओरडलो की शेजारचा चष्मेवाला धावत आला.

आता का लिहितोय ते. आई म्हणते, तू जहाजवाल्यांना ‘नाही’ कळवणार आहेस, कारण तू गेल्यावर काही अडलं तर बाबांचं कसं होणार. ते ऐकून मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? तू रोज फोनवर विचारतेस, विकी चालतोय ना? त्यात माझीच चौकशी असते, एवढं मला कळतं. तर तो चालतोय, आणि मीही. तू गेलीस की घर खायला उठेल, तुझी फार आठवण येईल, मी चिडचिड करीन आणि आईची बोलणी खाईन. पण तुझ्यावाचून काही अडणार नाही. त्यांना होय कळव आणि मगच मला फोन कर. आधी केलास, तर मी तुला थांब म्हणेन.

तुझाच हट्टी,
बाबा