बिजलीचं नववं गाणं

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

आज कोणीच पिपाणी वाजवली नाही! बेचाळीस माणसं, बेचाळीस पिपाण्या, आणि हॉलमध्ये नुसता पंख्याचा आवाज.

‘बिजली बँड पार्टी’ हा जुना पिक्चर नवी नटी घेऊन नव्याने टीव्हीवर येणार म्हणून आमचं बिजली मंडळ सहा महिने फुगलं होतं. दिपालीने नालवाडीतला हॉल मिळवला, मोठा पडदा लावला. मंडळात ती सगळ्यात धाकटी, पण उत्साह तिचाच. जुना पिक्चर दरवर्षी लावतो तेव्हाची रीत आजही पाळायची ठरली होती. शेवटी बिजली सासरचं दार ओढून घेते, हात दाखवून बस थांबवते, चढते, खिडकीतून ट्रम्पेट बाहेर काढते आणि फुंकते — त्या क्षणी सगळ्यांनी उभं राहून पिपाणी फुंकायची. अण्णाजी सत्तरी ओलांडलेले, तरी गाल फुगवून फुंकतात. एस.टी.त कंडक्टर होते, त्यामुळे त्या बसवर त्यांचा विशेष हक्क.

आज बस आली. बिजली चढली. पिपाण्या तोंडाशी. आणि पुढच्याच थांब्यावर बाई उतरली! चालत सासरी परत गेली. ट्रम्पेट खुंटीला टांगलं, डोक्यावर पदर घेतला, चुलीवर दूध ठेवलं आणि वर एक गाणंही म्हटलं. समाप्त.

अण्णाजी म्हणाले, "हे कोन बाई व्हय?"

दिपाली रडली. मीही रडले असते, पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. आई-बाबा का आले नाहीत? आई तर मंडळाची पहिली सभासद. बाबांनी तिला कारंज्याला नेलं, कोणाच्या तरी साक्षगंधाला. जो माणूस सख्ख्या पुतण्याच्या लग्नात जेवणापुरता थांबला, तो साखरपुड्याला मुक्कामी?

सोमवार, ३ नोव्हेंबर

ग्रुपवर दोनशे ऐंशी मेसेज. "शेवट बदलला." "गाणं घुसडलं." "जाहिरातीत म्हणे, मूळ पिक्चर जसाच्या तसा. हा जसाच्या तसा?" अण्णाजींनी आवाजी निरोप पाठवला, मागे कुत्री भुंकताहेत — "आपल्या बिजलीले खुंटीले टांगलं त्यायनं! पिंकी, चॅनलवाल्याईले पत्र लिही. कडक लिही. सह्या मी घेतो."

शाळेत लिपिक असल्याची शिक्षा. गावात कोणाचंही पत्र असो, लिहायचं पिंकीनेच.

आई-बाबा दुपारी आले. आईने चप्पल काढायच्या आधी विचारलं, "कसा झाला वं पिक्चर?" मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा — "पाय त धुऊ दे माणसाले!" मग कळलं, टीव्ही बंद आहे. रिचार्ज संपला म्हणे. रिचार्ज मी मंगळवारीच मारला होता! मागे जाऊन पाहिलं तर डिशची वायर उपसून ठेवलेली. चोराच्या मनात चांदणं. काहीतरी आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आईची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे, तरी आज मुद्दाम नीट मांडते.

बाबांच्या आधी आईचं एक लग्न झालं होतं, हिंगणघाटकडे. वर्षभर सोसलं आणि समुद्रपूरला भावाकडे निघून आली. बैठक बसली. सोमवारी हिला परत पोचवायचं ठरलं. शनिवारी वहिनीसोबत गिरडच्या जत्रेला गेली. तिथे टुरिंग टॉकीजचा तंबू, तंबूत बिजली. बिजली बसमध्ये चढून गेली. सोमवारी पोचवायला माणसं आली तेव्हा आई उंबरठ्यावर बसली आणि उठलीच नाही. म्हणाली, "बिजली नाई गेली वापस, मंग मी काऊन जाऊ?"

पुढे रीतसर काडीमोड झाला, आणि त्याच तंबूत मशीन चालवणाऱ्या मनोहररावांशी लग्न. म्हणजे बाबांशी. म्हणजे त्या बसमुळेच मी आहे.

‘बिजली नाई गेली वापस’ हे वाक्य आईने मंडळातल्या किती पोरींना ऐकवलं असेल! दिपालीने तर ते भिंतीवर लिहून ठेवलंय. मग बाबा हिला त्याच पिक्चरपासून लांब का पळवताहेत? नवा शेवट वाईट आहे, हे त्यांना आधीच कसं कळलं?

बुधवार, ५ नोव्हेंबर

बाबा वांग्यांना पाणी देताना गुणगुणत होते. कान टवकारले. ते घुसडलेलं गाणं! खुंटीचं! बाबांनी नवा पिक्चर पाहिलेला नाही. मोबाइलही त्यांच्याकडे साधा, बटणांचा.

"कोणतं गाणं हो बाबा?"

"कोनतं? काई नाई. मोटार बंद कर जाय."

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दिपालीने साताऱ्याचे एक किसनराव शोधून काढलेत. त्यांच्याकडे जुन्या पिक्चरच्या गाण्यांच्या पुस्तिका आहेत, थिएटरबाहेर मिळायच्या त्या. बिजलीचीही आहे! मीच त्यांच्याकडे फोटो मागितलाय. झोप कसली येतेय.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पुस्तिकेवर साल १९८७. गाणी नऊ.

आम्हाला आठच माहीत आहेत. आठही पाठ आहेत, बरातीत, गणपतीत, सगळीकडे आम्ही तीच वाजवतो. नववं शेवटच्या पानावर — ‘सूर टांगला खुंटीला, दूध ठेवलं चुलीला’. चांगली दोन कडवी. टीव्हीवाल्यांनी पहिलंच घेतलंय.

किसनरावांना फोन लावला. गोड माणूस. म्हणाले, "शेवट? अहो ताई, खुंटीच! लोकांना रुचला नाही, आमच्याकडे आठवड्यात उतरला. तुमच्याकडे एवढा चालला याचंच मला नवल वाटतं."

म्हणजे टीव्हीवाल्यांनी काहीच बदललं नाही. अख्खा पिक्चर आम्हीच कधी पाहिला नव्हता! आमच्याकडची कॅसेट तंबूतल्या प्रिंटवरून निघाली, कॅसेटवरून सीडी, सीडीवरून मोबाइल. आणि तंबूत मशीनवर कोण होतं?

दिपालीला अजून सांगितलेलं नाही. खोटं कशाला लिहू, मजा वाटतेय.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आई बाजारात गेली तशी बाबांना मोटारीच्या खोलीत गाठलं. पुस्तिकेचा फोटो समोर धरला. चष्मा लावून शेवटचं पान वाचलं. मग कोपऱ्यातल्या फळीवरून, जुन्या पाइपांच्या मागून, एक पत्र्याचा डबा काढला. अडतीस वर्षांत उघडला नाही म्हणाले. झाकण मात्र बोटाने उघडलं. आत फिल्मचं भेंडोळं, आंबूस वास. खिडकीशी धरलं तर नखाएवढी बिजली, नखाएवढी खुंटी.

"म्या कापलं," बाबा म्हणाले. "पह्यल्या दिवशी पूर्रा दाखवला. हे गानं लागलं अन् बायांच्या बाजूले चिडीचूप. खेळ सुटल्यावर रामबाई आली मशीनपाशी. पुनाजीची बायको, जंगलकामाले जाये. म्हणे, घरीच याचं होतं त बस काऊन थांबवली? म्या म्हटलं, मावशी, पिक्चर मी नाई बनवला. थे म्हणे, दाखोतं त तूच!"

त्या रात्री बाबांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कात्री घेतली. ‘समाप्त’ची पट्टी बसच्या मागे चिकटवली. मालकाने प्रिंट भंगाराच्या भावात घेतलेली, त्याला काय! त्या संध्याकाळचा खेळ आईने पाहिला.

"लग्नाच्या बाद तिनं थे सांगतलं — बिजली नाई गेली म्हून मी नाई गेली. तवा मले समजलं म्या काय करून ठेवलं. आता कसं सांगू? थे त्या बसच्या भरोशावर उंबरठ्यावर बसली पोरी! अन् थे बस खोटी, म्या बनवेल." बाबांनी भेंडोळं परत डब्यात ठेवलं. "तिले नको सांगजो."

वचन दिलं. आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं, की चोंबडेपणा केला नसता तर बरं झालं असतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

पत्राचे तीन कागद फाडले. "शेवट बदलला" लिहावं तर धडधडीत खोटं. खरं लिहावं तर अण्णाजी सगळ्यांसमोर वाचून दाखवणार, आई पहिल्या रांगेत. साठीला आलेल्या बाईला कसं सांगायचं, की ज्या गोष्टीवर तू उभी राहिलीस ती तुझ्या नवऱ्याने कात्रीने कापून केली होती? बाबांवर तिचा विश्वास राहील? त्या पोरींना ती कोणत्या तोंडाने सांगेल?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

रविवारी सकाळी अकराला परत दाखवणार आहेत. आईला दिपालीकडून कळलं. म्हणे, "मी पाह्यतोच." बाबा जेवले नाहीत.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पत्र दिलं. चार ओळी. "आपण दाखवलेला शेवट आमच्या मनाला पटला नाही. आमच्या जिल्ह्यात बिजली बसमधून उतरत नाही. पुढच्या वेळी तिला जाऊ द्यावे. सोबत एक पिपाणी." शब्द खरा, कोणाचं नाव नाही.

अण्णाजींनी दोनदा वाचलं. "कडक नाई झालं, पन बरोबर झालं," म्हणाले आणि पहिली सही ठोकली.

रविवार, १६ नोव्हेंबर

बाबांनी सकाळी परत वायर उपसली. आईने जोडली.

ती खाली बसून वालाच्या शेंगा सोलत होती. मी खुर्चीत, डोळे टीव्हीवर कमी आणि तिच्यावर जास्त. बस आली तसे बाबा उठले — "मोटार पाहून येतो." मोटारीच्या फेजला लाइटच नव्हती, कसली मोटार!

बिजली उतरली. घरी गेली. खुंटी. पदर. दूध. आईच्या शेंगा चालूच. चेहऱ्यावर काही नाही. टीव्हीवालीने पहिलं कडवं संपवलं, शेवटी नावांच्या पाट्या सुरू झाल्या, आणि आई खाली मान घालून पुढचं म्हणू लागली —

‘खुंटी मोडली तर सासूबाई, बोल लावू नका मला...’

मी मोबाइलवर पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं. दुसरं कडवं. शब्दन् शब्द तेच.

"आई, हे तुला कुठून येतं?"

"तुया बा आला पाय," ती म्हणाली आणि टोपलं उचलून आत गेली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

वांगी तोडताना आईनेच विषय काढला. जसंच्या तसं लिहिते.

"त्याले सांगजो नको. डब्याले दरसाली मी तेल लावतो थेही नको सांगू. सासूनंच नेलतं मले हिंगणघाटच्या टाकीजमधी, थो आखरीचा भाग दाखवाले. पाय म्हणे, कितीबी नाचली त बाई घरीच येते. मंग गिरडले पाह्यतो त काय, खुंटीच नाई! म्हटलं, ह्या दुनियेत असं कापनारा मानूस हाय तरी कोन? थे पाहाले मी तंबूच्या मांगं गेली."