छोटे ब्लॉक मिळतील

साकीनाका, सोमवार

तीर्थरूप जयंतीआत्यास,

गार्गीचा शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? काकांचं पथ्य, तुझं भजन, सगळं ठीक ना? (मुद्दाम कागदावर लिहितेय. व्हॉट्सॲपवर लिहिलं की तू अर्धं वाचून अख्ख्या भजनी मंडळाला पाठवतेस. त्याचंच तर हे रामायण आहे.)

तुला ठाऊकच आहे, मी आणि केतननं बँकेतल्या नोकऱ्या सोडून आमची छोटीशी ब्लॉकचेन काढली. या महिन्यात एक तरी खरं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर गाशा गुंडाळायचा असं ठरलंय. आणि मोठ्या क्रिप्टो-कॉइनवाल्यांचा नुसता धुमाकूळ चाललाय गं! नाक्यावर होर्डिंग त्यांचं, रिक्षांच्या पाठी तेच, गल्लीतल्या मंडळाच्या कमानीवर तर बाप्पापेक्षा मोठ्या अक्षरात. केतन पेटला. म्हणाला, आपणही जाहिरात करायची. ऐपतीत बसला एक बॅनर, तोही वाढदिवसाचे बॅनर छापणाऱ्याकडून. त्यानं 'छोटे ब्लॉक, पक्का विश्वास' एवढंच ठळक छापलं आणि 'चेन' गेली केतनच्या हनुवटीखाली. (केतनचा फोटो आम्ही मागितलाच नव्हता.) मी मेली कौतुकानं तो बॅनर तुला पाठवला, आणि तू तो पुढे ढकललास: 'भाचीकडे छोटे ब्लॉक मिळतील.'

काल रविवारी आमचा जिना भरला. खालच्या लेथवाल्यानं मशीन बंद करून हळूच विचारलं, कोणी गेलं का? आलेली माणसं विचारताहेत, कार्पेट एरिया किती, पाणी कधी येतं, मासे शिजवलेले चालतात का! मी घसा फोडून सांगतेय, अहो, हा ब्लॉक राहायचा नाही, नोंदीचा. एकदा लिहिलं की प्रत्येकाच्या फोनवर तीच प्रत, मागाहून कोणी गुपचूप खोडू शकत नाही. तोंडं वाकडी करत माणसं उतरली. एक गृहस्थ मात्र खुर्ची ओढून बसले. तुमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी, श्यामसुंदर तेंडोलकर. म्हणाले, "खोडता येत नाही? मग आमच्या मीटिंगा घाला की ह्यात! रीडेव्हलपमेंटला कोण काय बोललं, यावरून दर वेळी मारामारी."

आत्या, मला रडूच आलं. मोठ्या कॉइनला सगळं जग पाहिजे, तुमच्या बिल्डिंगमधली भांडणं त्याला कोण सांगणार? आम्हाला तेवढीच पाहिजेत. एक सोसायटी खूश झाली की शेजारची आपणहून विचारेल, होर्डिंग न लावता. झकास होईल बघ! केतन तर सकाळपासून बॅनरवरचा स्वतःचाच चेहरा पुसतोय (प्रेमानं).

काकांना नमस्कार.

तुझी,
गार्गी

ता. क. तेंडोलकर म्हणाले, येत्या रविवारच्या सभेत सगळ्यांचा होकार लागेल. सगळी बिऱ्हाडं तयार आहेत, एक सोडून. पहिल्या मजल्यावरच्या एक बाई दर सभेनंतर 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणतात. नाव सांगायला ते घाबरले. बाई भजन छान म्हणतात, एवढंच बोलले.

ता. ता. क. मागे रीडेव्हलपमेंटला तू 'नाही' म्हणालीस आणि त्यांनी 'हो' लिहिलं, असं तू शपथेवर सांगतेस. माझा विश्वास आहे गं. म्हणूनच म्हणते, या वेळी आमच्या नोंदीला एकदा 'हो' म्हण. मग तुझं 'नाही' कोणाच्या बापाला खोडता येणार नाही.

आणखी एक. ते 'हो'सुद्धा खोडता येणार नाही. तुलाही. म्हणून सगळ्यात खाली लिहिलंय.