निवडुंगाच्या नावावरून व्याही भांडले, त्याची हकिकत

सेल्स, जूनअखेर

प्रिय ऑगस्टीनदादा,

धाकट्या व्हर्नाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? टूसॉनच्या डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, तर निदान फाटकापर्यंत जात जा. इकडे सगळे बरे आहेत, तुझा मेहुणा सिप्रियानो सोडून. तो पालथा पडलाय.

झालं असं, की आमच्या रेनाताचे होणारे सासरे डॉन अन्सेल्मो यांना आम्ही निवडुंगाची फळं काढायला रानात बोलावलं (लग्नाआधी ओळख वाढावी म्हणून, ती वाढली). बिचारे सीमेपलीकडून, काबोर्काहून, चीजचा मोठा गोळा घेऊन आले. वर बघून सहज म्हणाले, "काय उंच सावारो आहे." सिप्रियानोने फळं पाडायची काठी खाली ठेवली.

"हाशन्य म्हणा. आमच्या बोलीत पणजोबांपासून हाशन्य."

"अख्खं जग सावारो म्हणतं, व्याही."

"जगाला शिकवलं कुणी?"

"आम्ही. सोनोरातल्या जुन्या ओपाता लोकांचा शब्द आहे तो."

रेनाताने मध्येच विचारलं, "पण त्याचा अर्थ काय?" अन्सेल्मो म्हणाले, ती भाषा बोलणारं आता कुणी उरलं नाही, विचारायचं कुणाला? (हे बोलताना त्यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं.) मग तिने बापाला हाशन्यचा अर्थ विचारला. तो म्हणाला, "हाशन्य म्हणजे हाशन्य. तुझ्या आईचा अर्थ काय?" आणि वर, ज्या घरात झाडाला भलत्याच नावाने हाक मारतात तिथे माझी पोर नांदणार नाही, असं जाहीर करून तो ताठ मानेने, व्याह्यांवरची नजर न काढता मागे मागे गेला आणि चोया निवडुंगात बसला.

पुढचं सविस्तर लिहीत नाही. काटे अन्सेल्मोंनीच कंगव्याने काढले, कारण मला हसू आवरेना. प्रत्येक काट्याला ते शांतपणे विचारायचे, "हे कुठलं झाड, व्याही?" सिप्रियानो उशीत तोंड खुपसून "हाशन्य" म्हणायचा. हट्टी माणूस. अन्सेल्मोंना मात्र तो तेव्हापासून आवडायला लागलाय. आता दोघं शेजारी बसून (एक बसून, एक पालथा) फळांचा पाक आटवतात आणि भांडतात.

तुझी,
व्हर्ना

ता.क. लग्न त्याच मोठ्या झाडाखाली ठरलंय, आणि पत्रिकेत झाडाचं नाव कुठलं छापायचं हे मुलीच्या मामाने ठरवावं, यावर दोघांचं एकमत झालंय. निकाल कळव. मी सुचवलं असं म्हणू नकोस.

पुन्हा ता.क. रेनाताने आणि अन्सेल्मोंच्या एव्हारिस्तोने काल कोर्टात जाऊन लग्न केलं. व्याह्यांना अजून सांगितलेलं नाही; इतके रमलेत दोघं. तू निकालाला जमेल तेवढा उशीर लाव.