रानतुरीच्या लेकीला शेंग

२७ सप्टेंबर १९९३, लातूर

फुललं! तूर आणि रानतूर यांचं माझं संकरित झाड अखेर फुललं. पण पराग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि रडूच आलं — सगळे पोचट. तपासणीचा रंगच धरेनात. शेषेराव सर म्हणाले, "हुमा, झाड वांझ आहे एवढं लिहून एम.एस्सी. मिळत नसते. का वांझ, ते शोध. दोष नुसत्या परागात, की बीजांडातही?" म्हणजे याच फुलांना साध्या तुरीचे पराग लावून बघायचे. शेंग धरली तर बीजांड शाबूत.

२८ सप्टेंबर

मलप्पा, आमच्या शेतावरचा माणूस, किल्लारीकडचा, उद्याची रजा मागत होता. "बाई, इसर्जन हाय. घरला जाऊन सांजच्याला माघारी येतो." येतोय कसला! तिकडंच मुक्काम ठोकणार. फुलं काय थांबतात? आणि पराग लावायला त्याच्यासारखा हात कुणाचा नाही. नाही म्हटलं. वर ओरडले — "गणपती दरवर्षी येतो, मलप्पा!" तो "बरं" म्हणाला.

३० सप्टेंबर

पहाटे जमीन हलली. सगळं लातूर रस्त्यावर. आणि मी कुठं धावले? जाळीघरात! झाड उभं होतं. जीव भांड्यात पडला. मग फाटकाशी मलप्पा दिसला, अनवाणी. "बाई, गावाकडं जीप जातीया का?"

त्याचं गाव मला आठवलंच नव्हतं. थू माझ्यावर.

३ ऑक्टोबर

मलप्पाची बायको गेली, मल्लम्मा. लेकही. एकाच भिंतीखाली.

१० ऑक्टोबर

नांदेडहून अम्मी आली. म्हणाली, "तू रोकी सो वो बच गया, बेटी. सवाब है." पुण्य लागलं म्हणे मला. रोज रात्री हेच वाक्य घोकत झोपते. लाज वाटते, तरी घोकते. त्याशिवाय झोप येत नाही.

७ नोव्हेंबर

शेंग! रजा नाकारली त्या दिवशी मलप्पानं पराग लावलेल्या फुलालाच. आत दाणा भरतोय. बीजांड शाबूत! सर खूश — "आता पराग बनताना गुणसूत्रं का जुळत नाहीत, ते बघू."

मलप्पा कालच कामावर परत आलाय. त्याला सांगायला पळत निघाले आणि अर्ध्या वाटेत थांबले. कुठल्या तोंडानं सांगू?

८ नोव्हेंबर

शेंग त्यानं स्वतःच पाहिली. मलाच राहवलं नाही — "मलप्पा, त्या दिवशी सोडलं असतं तर तुम्हीसुद्धा..."

"न्हाई बाई. दोघींला घिऊन सांजच्या यष्टीनं हिकडंच येनार होतो. पोरीला लातूरचा गनपती बघायचा होता."