बट्टीचं घनफळ

ती. नूतनताईला दत्तूचा वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? जिना चढता येतो का? (उगाच नाही विचारत.)

मी सुरतेतच आहे. बारडोलीच्या साखर कारखान्यात ऊस मोजायचो, तिथे मन रमलं नाही. मग पांडेसऱ्याच्या मिलमध्ये साड्यांच्या घड्या घातल्या (तीन महिने हात जांभळे होते, लोक नमस्कार घेत नसत). आता नवागामात रंजनाबेनच्या क्लासमध्ये दहावीला गणित शिकवतो. हसू नको. बारावी सायन्स झाली असं मीच सांगितलं, आणि क्लासमागची खोलीही त्यावरच मिळालीय. माझी दहावी गणितात तीनदा राहिली हे इथे कुणाला ठाऊक नाही.

त्यात गोलाचं घनफळ आलं. सूत्र पाठ आहे, चार तृतीयांश पाय आर घन. पण ते चार तृतीयांश कुठून येतं ते मला आजतागायत कळलं नव्हतं. म्हटलं, प्रयोगच दाखवू. चेंडू पाण्यावर तरंगला. शेजारच्या मंगलाबाईंकडे वरण-बट्टीचा बेत होता, तिथून न तळलेली एक गोल बट्टी आणली. (आपल्या खानदेशी माणसाला गोल म्हटलं की दुसरं सुचतं का?) मापाच्या भांड्यात पाचशेच्या खुणेपर्यंत पाणी भरून ती चमच्याने बुडवली आणि पोरांना रांगेत आकडा वाचायला लावलं. पहिल्याने वाचलं सहाशे दहा. दुसरा म्हणाला सहाशे. शेवटच्या कुंदनपर्यंत पाचशे ऐंशी! ताई, बट्टी पाणी पीत होती. ती बुडबुडे सोडत चालली, आकडा उतरत चालला.

"सर, मागच्या बाकावरच्याला घनफळपण कमीच का?" कुंदन म्हणाला.

पहिल्या बाकावरच्या हर्षदाने उतरते आकडे वहीत टिपले आणि माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात रंजनाबेन दारात. गर्दी बघून खूश! "दत्तूभाई, रविवारे वालीओने आ ज बतावजो!" म्हणजे येत्या रविवारी पालकांसमोर हेच. तिथे बट्टी प्यायली की माझी खोली गेली.

तुझा धाकटा,
दत्तू

ता.क. तुझ्या शाळेच्या प्रयोगशाळेतला लोखंडी गोळा पाठवशील का?

ता.क. २. गोळा राहू दे. आत्ता हर्षदा येऊन गेली. तिने रबरी चेंडू अर्धा कापला, तेवढ्याच तोंडाचा, तेवढ्याच उंचीचा कागदी शंकू केला. दोन शंकू वाळू बरोब्बर अर्ध्या चेंडूत मावली. शंकूतला एक तृतीयांश, अर्ध्या चेंडूसाठी दोनदा, आणि पूर्ण चेंडूसाठी परत दोनदा. ताई, मला कळलं! मी इतका ओरडलो की ती म्हणाली, "सर, तुमची दहावी झाली ना?" मी सगळं सांगून टाकलं. तिची अट अशी: रविवारचा प्रयोग ती करणार, रंजनाबेनला खरं मी सांगणार, आणि दहावीचा फॉर्म भरणार. मला शिकवणार तीच.

ता.क. ३. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो तुझ्या माळ्यावरच्या लोखंडी पेटीत, अगदी तळाशी आहे. म्हणून वर कंबरेपुढचा तो कंस आत्ता घातला.