लाल चिंधीसाठी थांबवलेली गाडी

११ नोव्हेंबर १९९१, पिंगळी
हैदराबादहून सकाळीच परतलो. डोक्याचा फोटो निघाला! सीटी स्कॅन. गोल भोकात डोकं घालून पडायचं, हलायचं नाही. भीती नाही, गंमतच वाटली. बारा वर्षं रेल्वेचा चावीवाला, रुळाच्या लोखंडी पाचरी ठोकत रूळ तपासले, आता कुणीतरी मला तपासलं.

सुमन दारातच. "काय निघालं हो डोस्क्यात?"
"कायच न्हाई. साफ हाय."
"मंग चार महिने ते काय व्हतं?"
बायको असावी तर अशी. डॉक्टरांना मीही हेच विचारलं होतं.

१२ नोव्हें.
डॉक्टरांचं उत्तर काल लिहायचं राहिलं. म्हणाले, फोटोत घर दिसतं, घरात कोण ओरडतंय ते दिसत नाही. मेंदू दिवसभर ठरवत असतो, याच्याकडे बघ, ते सोड. तुझं 'बघ, बघ' थांबतच नव्हतं, कशालाही. बरोबर! बरोब्बर!! परतताना गाडीत बाजूच्याला हे सांगत सुटलो, तर तो जागा बदलून बसला.

बाभळीवरची ती लाल चिंधी. माझ्याशी बोलायची. स्टेशनच्या भिंतीवर नामांतराच्या घोषणा, त्याही मला एकट्याला लिहिलेल्या. चिंधीचं ऐकून मी झेंडा दाखवला, पॅसेंजर थांबवली. रूळ धडधाकट. वर ड्रायव्हरलाच म्हणालो, "तुमाला दिसंना का?" लाज वाटते. पण तेव्हा ते इतकं खरं होतं की...

२० नोव्हें.
गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, हात जरा कापतो. पण चिंध्या गप्प आहेत.
आमच्या गँगचे मुकादम येऊन गेले. कामावर घेतलं!! "पंधरा दिवस माज्यासंगं चाल. मंग एकटा. पर गौतम, आणखी एकदा उगंच गाडी थांबली तर चावीवाल्याचं काम कायमचं गेलं, ध्यानात ठेव." ठेवलं.

५ डिसें.
मुकादमांसोबत पाचवा दिवस. ठोक, ऐक, पुढे. चांगला रूळ खणकन वाजतो, तो आवाज ऐकून जीव हरखला.
सुमनने युक्ती काढली. काही 'बघ' वाटलं की आधी विचारायचं, हे मला काय म्हणतंय? काही म्हणत असलं तर गोळी चुकली का ते बघायचं. मी म्हणालो, तू डॉक्टरापेक्षा हुशार. "मंग हैदराबादला कशाला गेलतात?"

२१ डिसें.
आज एकट्याचा चौथा दिवस. रुळाकडेलाच उभ्याने लिहितोय, अक्षर वाकडं. समोर पॅसेंजर उभी. मीच थांबवली.
सांध्याजवळ हातोडा मारला. बद्द. पुन्हा मारला. बद्द. चाचपून पाहिलं, नखाला एकदा काही अडकलं, एकदा नाही. थंडीत रूळ आखडतो, केसाएवढी चीर असली तरी पुरे. पण छातीत तेच 'बघ, बघ', अगदी त्या दिवसासारखं. लांबून शिट्टी आली. गोळी सकाळी घेतली होती, सुमनच्या समोर. रुळाला विचारलं, मला काय म्हणतोस? उत्तर नाही. झेंडा काढला.

ड्रायव्हर तोच. उतरून म्हणाला, "आज कोणती चिंधी?" खिडक्यांतून माणसं ओरडायला लागली. तरी आनंद मावत नाही. मुकादम रुळावरून धावत येतायत.

चिंधी माझं नाव घ्यायची. हा रूळ मला काहीच म्हणत नाही. नुसता बद्द वाजतो.

मुकादम आले. सांध्यापाशी वाकून हातोड्यासाठी हात पुढे केला. मी हातोडा दिला.